फुलेवाडीतला इन्व्हर्टर एसी : वीस महिन्यांनंतर

आमची वरची खोली थेट स्लॅबखाली, आणि पश्चिमेची भिंत दुपारी दोनपासून दिवस बुडेपर्यंत उन्हात. एप्रिलमध्ये रात्री अकरालाही स्लॅब गरम लागायचा आणि पंखा तीच गरम हवा खाली ढकलायचा. कूलर वापरून झाला. हवा कोरडी असते तोवर तो बरा चालतो. मेमध्ये वळवाचे ढग जमायला लागले की त्याच कूलरनं अंगाला नुसता चिकचिकाट. मग बरीच वर्षं एक जुना विंडो एसी चालवला, आर-२२ गॅसवरचा. त्याचा कॉम्प्रेसर गेला तेव्हा दुरुस्तीचा जो आकडा सांगितला त्यात नव्याचे निम्मे पैसे निघत होते. शिवाय आर-२२ ओझोनच्या थराला मारक म्हणून टप्प्याटप्प्यानं बाद होत चाललाय. त्यात पैसे घालण्यात अर्थ नव्हता.

मार्च २०२४ मध्ये दीड टनाचा ५ स्टार इन्व्हर्टर एसी घेतला. गॅस आर-३२, कॉइल तांब्याची. दुकानदार ‘हॉट अँड कोल्ड’ घ्या म्हणून मागं लागला होता. कोल्हापूरच्या थंडीला हीटर? दोन महिने गोधडी पुरते, आणि अंघोळीच्या पाण्याला सोलर आहे. नाही घेतला, आणि आजवर चुकल्यासारखं वाटलेलं नाही. (२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आमची हौस त्याच्या आधीच फिटली होती.)

मशीनबद्दल तक्रार नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं कॉम्प्रेसर जोरात पळतो, मग हळू होतो. जुन्या विंडोसारखं धाडकन बंद, धाडकन चालू असं होत नाही. चोवीसवर सुरू होतो, आम्ही सव्वीस करून वर छताचा पंखा एकवर ठेवतो. सबमीटर लावून बघितलं : मेमध्ये रात्री दहा ते सहा साधारण पाच युनिट. दुसऱ्या उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग मारला, तर तोच आकडा साडेतीन-चारवर आला. रंगाच्या पैशात एसीचं बिल वाचतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर रंग आधी मारला असता. बिलाचा ३०० युनिटच्या वरचा टप्पा लागला की दर कसा उडी मारतो, हे घरात ज्याला बिल भरावं लागतं त्यालाच कळतं.

खरी डोकेदुखी बसवण्याची. बसवायला आलेला पोरगा दीड तासात मोकळा. पाइपातली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप आणलाच नव्हता. आउटडोअरमधलाच (घराबाहेरच्या युनिटमधलाच) गॅस थोडा सोडून पाइपातली हवा बाहेर काढली आणि “झालं दादा” म्हणाला. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं, चहा पाजून निरोप दिला.

मार्च २०२५ मध्ये खोली गार व्हायला तास-दीड तास लागायला लागला. आउटडोअरजवळ बघितलं तर बारक्या पाइपवर पांढरा बर्फ. मेकॅनिक आला, प्रेशर मोजायचं गेज लावलं, म्हणाला, “गॅस संपलाय, भरून देतो.” तीन हजार घेतले. मे संपायच्या आत परत तोच बर्फ, परत तेच वाक्य. आबा खाली ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, “अरे, गॅस संपायला ती काय शेगडी आहे व्हय?”

आबांचं बरोबर होतं. एसीचा गॅस बंद नळ्यांतून फिरतो, जळत नाही. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. शाहूपुरीतून एका वयस्क मेकॅनिकना बोलावलं. त्यांनी गेज बाजूलाच ठेवलं. आउटडोअरच्या जाड पाइपच्या नटाला बोट लावून मला दाखवलं : काळपट, तेलकट. “गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल येतंय, त्याला धूळ चिकटलीय.” मग वाटीत साबणाचा फेस करून ब्रशनं नटावर लावला. काही सेकंद काही नाही. मग एक बुडबुडा, मोहरीएवढा, फुगत फुगत वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. त्याच जागी दुसरा.

बसवताना पाइपचं तोंड तिरकं फुलवलं होतं, त्यावर नट कितीही आवळला तरी बसणार नव्हता. त्यांनी उरलेला गॅस काढून घेतला, पाइप कापून तोंड नव्यानं फुलवलं, नायट्रोजन भरून प्रेशर टिकतंय का बघितलं, अर्धा तास व्हॅक्यूम पंप चालवला आणि आउटडोअरच्या पट्टीवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढा गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. काम चालू असताना शेजारचे काका विडी पेटवायला लागले तर त्यांना लांब पाठवलं. आर-३२ पेट घेऊ शकतो. तेव्हापासून सहा महिने झाले, बर्फ नाही. माझा सल्ला एवढाच : बसवतानाच “व्हॅक्यूम पंप आणलाय का?” विचारा, नसेल तर खोकं उघडू देऊ नका. आणि गॅसच्या आधी फिल्टर बघा, कारण फिल्टर तुंबला तर इनडोअरच्या कॉइलवरही बर्फ धरतो.

पावसाळ्यात एसी कशाला, असं वाटायचं. जुलैत इथं कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, कपाटाला बुरशीचा वास. संध्याकाळी तासभर ‘ड्राय’वर लावला की खोली कोरडी होते. आई आता बिनदिक्कत एसीखाली दोरी बांधते. ऑगस्टमध्ये मात्र इनडोअरमधून भिंतीवर पाणी उतरलं. ड्रेनच्या पाइपात चिकट शेवाळ धरलं होतं. सायकलच्या पंपानं बाहेरच्या तोंडाकडून दोनदा हवा मारली, काळा लगदा आतल्या ट्रेमध्ये निघाला, तो फडक्यानं पुसून काढला.

त्याच पावसाळ्यात एका सकाळी एसी सुरूच होईना. आउटडोअर उघडलं तर पीसीबीवर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर, वाळलेली पाल. पाल वॉरंटीत बसत नाही, हे कंपनीच्या माणसानं न हसता सांगितलं. बोर्डाचे साडेसहा हजार. वायर आत जातात ते भोक आता बारीक जाळी लावून बुजवलंय. पंख्यासमोर मात्र जाळी लावायची नाही, हवा अडते.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट मॅन्युअलमध्ये नसते. गळीत हंगाम सुरू झाला की शेतातलं पाचट पेटतं आणि काळे पापुद्रे वाऱ्यावर गच्चीत येतात. आउटडोअरच्या कॉइलवरच्या पातळ पत्र्यांत ते बसले की उष्णता बाहेर टाकायला जागा राहत नाही. म्हणून मार्चमध्ये एसी सुरू करायच्या आधी आउटडोअर धुतो : मेन स्विच बंद, साधा पाइप, पाणी हलक्या धारेनं. मोठ्या प्रेशरचा पंप एकदा वापरला तर पत्रे वाकले, ते कंगव्यानं सरळ करत बसलो.

काल सकाळी वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर पहिला पापुद्रा पडला. आउटडोअरवर वरून पत्रा आहे, पण बाजूनं उघडंच. या रविवारी जुन्या चादरीचं कव्हर शिवून घालायचं ठरलंय, शिवणार आई.