तालुक्याच्या गावात प्राइड रॅली: काढावी, थांबावं की नागपूर गाठावं?

नागपुरात २०१६ पासून प्राइड, म्हणजे समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांची उघडपणे चालायची रॅली, निघते. तिथे चालून आलेली मंडळी गावी परतली की थोड्याच दिवसांत प्रश्न निघतो: आपल्या तालुक्यात का नको? वीस-तीस हजार वस्तीच्या गावात हा प्रश्न फार वेगळा असतो. नागपुरात चाललेला माणूस संध्याकाळी गर्दीत मिसळून जातो. इथे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चौकातून त्याला दूध आणायचं असतं, आणि दूधवाला त्याच्या बापाचा वर्गमित्र असतो. म्हणून अशा मंडळींच्या गटाने निर्णय घेताना किती जण येतील याच्या आधी दुसऱ्या दिवशीची सकाळ कोणाच्या वाट्याला येणार हे मोजावं.

पर्याय चार आहेत: गावात स्वतंत्र रॅली, संविधान दिनाच्या रॅलीत सामील होणं, सभागृहातला कार्यक्रम, किंवा गाडी करून नागपूरला जाणं. पण आधी गावाचं ऐकू.

गावात कोण काय म्हणतं

विरोध करणारे सगळे एकाच कारणाने विरोध करत नाहीत, त्यामुळे सगळ्यांना एकच उत्तर देऊन भागत नाही.

ज्येष्ठांचा सूर बहुतेक वेळा असा असतो: "घरची गोठ चवकात कायले आनता?" यात द्वेष असतोच असं नाही. कोणाचा तरी पुतण्या 'तसा' आहे हे त्यांना ठाऊक असतं, फक्त ते बोलायचं नसतं. याच माणसांनी रात्र-रात्र बसून दंडार हे लोकनाट्य पाहिलेलं असतं, खडी गंमत या लोककलेतल्या नाच्याला खिशातून बक्षीस काढून दिलेलं असतं. बाईच्या वेशातला पुरुष झाडीपट्टीला, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाला, नवा नाही, हे त्यांना सांगता येतं. मात्र जपून सांगा. दंडारीत स्त्रीभूमिका करणारा प्रत्येक कलावंत समलिंगी किंवा तृतीयपंथी नसतो. त्याच्या कलेवर तसा शिक्का मारलात तर ज्याने तुमच्या बाजूने दोन शब्द बोलले असते तोच दुखावेल.

आई-बापांची भीती सगळ्यांत खरी असते. धाकटीची सोयरिक जुळायची आहे, पाहुणे गावात चौकशी करणार, आणि चौकशीत मोठ्या भावाचा रॅलीतला फोटो निघाला तर? याला कायद्याचं उत्तर नाही. ज्याच्या घरी असं काही ठरायचं आहे त्याने यंदा पुढे न येणं हाच उपाय, आणि गटाने त्याला त्याबद्दल टोमणा मारू नये.

शेतकऱ्यांचं म्हणणं: कापसाला भाव नाही, अन् हे कुठून काढलं? इथे वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या कामाच्या दिवसांत रॅली आणली नाही तर निम्मी नाराजी तिथेच संपते. दुकानदारांना तर फक्त रस्ता अडतो का याची काळजी असते. मार्गाचा हाताने काढलेला नकाशा आणि 'अर्धा तास, रस्त्याची एकच बाजू' एवढं घेऊन व्यापारी संघटनेकडे गेलं तरी पुरतं.

पाठिंबा कुठून येतो? सगळ्यांत सरळ पाठिंबा भीमजयंतीची रॅली काढणाऱ्या पोरांकडून मिळतो. ते संविधानाच्या भाषेत बोलतात आणि त्यांना काम येतं: दोरी कोण धरेल, कोणत्या वळणावर कोण उभा राहील, ट्रॅक्टर कुठे थांबवायचा. बचत गटातल्या बायका आणि ग्रामीण रुग्णालयातले समुपदेशकही मदत करतात, पण समुपदेशकांची एक रास्त शंका असते: गावात गाजावाजा झाला तर गुपचूप एचआयव्ही तपासणीला येणारे लोक यायचे बंद होतील. ती शंका झटकू नका. रॅलीचा फलक किंवा पत्रक रुग्णालयाच्या आवारात लावायचं नाही, एवढं ठरवून टाका.

मात्र सगळ्यांत मोठा मतभेद गटाच्या आतच असतो. बाजारात मागती करणारी तृतीयपंथी बाई म्हणते, "आमाले काय लपवाचं हाये? बजारात आमाले समदे ओयखतात." ज्या रस्त्यावर ती हात पसरते त्याच रस्त्यावरून एकदा मान वर करून, पोलिसांच्या बंदोबस्तात, चालायचं आहे तिला. तिच्यासाठी रॅलीचं मोल आपल्याला बाहेरून कळणार नाही एवढं मोठं आहे. दुसरीकडे लग्न झालेला शिक्षक किंवा घरी काहीच न सांगितलेला बारावीचा मुलगा. त्याने रॅलीत पाऊल टाकलं नाही तरी, रॅलीत चालणाऱ्याशी बोलताना तो कधी दिसला होता हे गाव आठवायला लागतं. दोघंही बरोबर आहेत. बऱ्याच वेळा मोबाइलवर जास्त बोलणारे दोन-तीन सुशिक्षित लोक या दोघांच्याही वतीने निर्णय घेऊन टाकतात, आणि गट तिथे फुटतो.

तृतीयपंथीयांना बोलवायचं तर थेट चेल्यांना निरोप धाडू नका. आधी त्यांच्यातल्या प्रमुखांना, म्हणजे त्या भागाच्या गुरूंना, भेटा. मागतीचे भाग वाटलेले असतात; बाहेरगावचे लोक न विचारता आले तर ते घुसखोरी वाटते. आणि बाजाराच्या दिवशी रॅली ठेवली तर त्यांची त्या दिवसाची कमाई बुडते. दुसरा दिवस निवडा, नाहीतर ती भरून द्यायची तयारी ठेवा.

चौकात कामी येणारा कायदा

"हा तर गुन्हा आहे ना?" असं अजूनही लोक विचारतात, कधी गणवेशातलेही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याचं कलम १८ तर गावासाठीच लिहिल्यासारखं आहे: तृतीयपंथी व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं हा त्यानुसार गुन्हा आहे. या कायद्याची मराठी प्रत अर्जासोबत जोडा. आणि कोणी विचारलं की आता लग्नंही लावणार का, तर खरं ते सांगा: १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळालेली नाही. फुगवून सांगितलेली एक गोष्ट उघडी पडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

पहिला पर्याय: स्वतंत्र रॅली

आधी गणित. ४० जण दोन-दोनच्या रांगेत चालले तर २० ओळी होतात, आणि दोन ओळींत दीड मीटर अंतर धरलं तर सगळी रॅली जेमतेम ३० मीटरची. जयंतीची रॅली पाहिलेल्या गावाला ती दिसेल-न दिसेल. २५ पेक्षा कमी लोक असतील तर बघणारे चालणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतात आणि धीर खचतो. मार्ग एक ते सव्वा किलोमीटर पुरे. हळू चाललं तरी अर्ध्या तासात संपतो. दर दहा जणांमागे एक स्वयंसेवक हवा, आणि तो गावात उघडपणे ओळखला जाणारा हवा.

तारीख इथेच चुकते. जगभर जून हा प्राइडचा महिना मानतात, कारण २८ जून १९६९ ला न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉलचा उठाव झाला. आपल्याकडे जून म्हणजे मृग, पेरणी, बियाण्यांच्या रांगा. दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणी. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं आणि जिल्ह्यातला पोलीस बंदोबस्त तिकडे जातो, त्यामुळे 'माणसं नाहीत' हे उत्तर हमखास आणि खरंही असतं. फेब्रुवारीपासून बारावीची आणि मग दहावीची परीक्षा. एप्रिल-मेमध्ये दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. उरतो जानेवारी: संक्रांतीनंतरचा, पण २६ जानेवारीच्या तयारीला अडचण न करणारा दिवस. निवडणुकीची आचारसंहिता लागू आहे का तेही पाहा.

परवानगीचा अर्ज ठाणेदारांच्या नावाने, किमान १५ दिवस आधी. प्रती उपविभागीय पोलीस अधिकारी, तहसीलदार आणि नगर परिषद किंवा नगर पंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना. अर्जात तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मार्ग, अंदाजे संख्या, वाहनं, ध्वनिक्षेपक आहे की नाही, आणि तीन जबाबदार व्यक्तींची नावं व फोन. ही तीन नावं अशीच द्या ज्यांना घरी-दारी लपवायचं काही नाही, कारण हा कागद कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. 'बघू', 'करा तुम्ही' असं तोंडी उत्तर मिळालं तर ती परवानगी नव्हे. सणासुदीच्या आसपास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) व (३) खाली जमावबंदी असते, आणि तेव्हा पाच किंवा जास्त लोक विनापरवानगी जमले तर कारवाई होऊ शकते. नकार आला तर तो लेखी मागा. लेखी नकार असेल तरच पुढे वकिलाला काही करता येतं.

अर्जात 'मिरवणूक' लिहिलं की डोळ्यांसमोर विसर्जन आणि डीजे येतो, 'मोर्चा' लिहिलं की निवेदन आणि घेराव. 'पदयात्रा' लिहा. ध्वनिक्षेपक टाळलात तर परवानगीचा एक वेगळा कागद वाचतो, आणि शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या १०० मीटरमधल्या शांतता क्षेत्राची कटकटही. त्याऐवजी दोन खंजेऱ्या घ्या. तुकडोजी महाराजांच्या या मुलखात खंजेरीचा ठेका ऐकून लोक दाराशी येतात, आणि आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर राग नसतो.

बिघडतं ते बहुतेक शेवटी. रॅलीभर पोलीस असतात. घोषणा संपतात, पोलीस चहाला जातात, आणि बसस्टँडकडे एकटं निघालेल्या पोराला चार जण गाठतात. म्हणून शेवट चौकात करू नका. एखाद्या विहारात किंवा सभागृहात आत जाऊन करा, चहा तिथेच, आणि मग दोघं-तिघं मिळून निघा. खेड्यावरून आलेल्यांची शेवटची एसटी किती वाजता हे आधी लिहून ठेवा आणि तिच्या तासभर आधी कार्यक्रम आटोपा.

चेहरा झाकण्याचं काय? मोठ्या शहरात मुखवटा चालतो. इथे उन्हाळ्यात अर्धं गाव दुपट्ट्याने तोंड बांधून फिरतं, पण जानेवारीत बांधलेला दुपट्टा लक्ष वेधतो, आणि गाव माणसाला चालीवरून, चपलेवरून, उभ्या केलेल्या गाडीच्या नंबरावरून ओळखतं. रस्त्यावर फोटो थांबवता येत नाहीत. ज्याला ओळख जपायची आहे त्याच्यासाठी स्वतंत्र रॅली हा पर्यायच नाही.

दुसरा: २६ नोव्हेंबरची रॅली

संविधान दिनाची रॅली बऱ्याच गावांत निघतेच. परवानगी, मार्ग, स्वयंसेवक सगळं तयार. त्यात आठ-दहा जणांनी संविधानातली समतेची आणि जगण्याच्या हक्काची कलम १४, १५ आणि २१ लिहिलेले फलक घेऊन चालायचं, एका फलकावर 'तृतीयपंथी आणि समलिंगीही नागरिक' एवढंच. ओळख जपायची आहे तो दुसऱ्या कोणत्याही फलकाखाली चालू शकतो. त्याला कोणी काही विचारत नाही. खर्च म्हणजे कापडी फलकाचा. धोका एकच: आयोजकांना न सांगता ऐन वेळी फलक उघडला तर भांडण तिथेच होतं आणि पुढच्या वर्षीची दारं बंद होतात. आठवडाभर आधी फलकाचा मजकूर त्यांना दाखवा.

तिसरा: सभागृह

तालुका विधी सेवा समितीकडे 'तृतीयपंथीयांचे हक्क' या विषयावर कायदेविषयक शिबिराची मागणी करता येते. २०१४ च्या खटल्यात याचिका करणारं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणच होतं, त्यामुळे हा विषय त्यांना परका नाही. व्यासपीठावर न्यायाधीश असले की ठाणेदारही येतात, आणि मग त्यांच्यासमोर प्रश्न विचारता येतात. दारावर दोन रंगांच्या फिती ठेवा: लाल फीत लावलेल्याचा फोटो काढायचा नाही. सभागृहात हे पाळून घेता येतं. खासगी मंगल कार्यालय घेतलंत तर मालक आदल्या दिवशी 'घरचं कार्य निघालं' म्हणून माघार घेतो. पैसे भरल्याची पावती आणि कार्यक्रमाचं खरं नाव त्यावर लिहून घ्या. नाव लपवून घेतलेली जागा हमखास हातची जाते.

चौथा: नागपूर

भंडारा किंवा वर्ध्याहून दिवसात जाऊन येता येतं; गडचिरोलीच्या टोकावरून मुक्काम धरावा लागतो. एक काळीपिवळी ठरवली तर भाडं वाटून घेता येतं, पण चालक गावचा नको. गर्दी मोठी, नागपूरच्या सारथी ट्रस्टसारख्या संस्थांची माणसं भेटतात, पहिल्यांदा चालणाऱ्याला आपल्यासारखे इतके लोक आहेत हे दिसतं. गावाला मात्र याने काहीच कळत नाही. परतल्यावर फोटो स्टेटसला टाकण्याआधी त्यात कोण कोण आहे हे प्रत्येकाला विचारा. गावचा व्हॉट्सअॅप ग्रुप नागपूरपर्यंत पोचतो.

मग काय निवडावं?

आमचा कल स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी नागपूर आणि सभागृह, दुसऱ्या वर्षी संविधान दिन, आणि स्वतंत्र रॅली तेव्हा जेव्हा उघड्या चेहऱ्याने चालायला तयार असलेले किमान दहा जण याच गावातले असतील. बाहेरून आणलेल्या पन्नास जणांवर काढलेली रॅली बाहेरचे लोक गाडीत बसून गेल्यावर गावातल्या तिघांच्या डोक्यावर पडते. अपवाद एक: तृतीयपंथी बहिणींना रॅली हवीच असेल आणि त्यांचे गुरू पुढे असतील, तर ती त्यांची रॅली होऊ द्या. बाकीच्यांनी मागे राहून चहा-पाणी, गाड्या आणि वकिलाचा फोन सांभाळावा.

मत हात वर करून घेऊ नका. एकाच आकाराच्या चिठ्ठ्या, एकाच रंगाचा पेन, आणि चार ओळी: उघड चालीन, दुसऱ्या फलकाखाली चालीन, फक्त सभागृहात किंवा नागपूरला येईन, गावात सध्या काहीच नको. शेवटची चिठ्ठी एकाचीही निघाली तर तारीख ठरवण्याआधी आणखी एकदा बसा, आणि ती कोणाची आहे हे शोधू नका. कार्यक्रम ठरला तर पुढचे आठ दिवस दोन फोन कायम चालू ठेवा, एक वकिलाकडे आणि एक गटातल्या जाणत्या माणसाकडे. मोफत कायदेशीर मदतीचा १५१०० आणि पोलिसांचा ११२ हे दोन्ही क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आधीच टाकलेले असू द्या.