जमिनीवरचा एक दिवस: सूफ्रिएर की बेक्वे?

कॅरिबियन समुद्रातील सेंट लुशिया या बेटवजा देशाच्या उत्तरेकडील रॉडनी बे येथून शिडाची बोट आठवड्यासाठी भाड्याने घेऊन दक्षिणेला ग्रेनाडीन्सच्या बेटांकडे निघालेल्या कुटुंबाला सात दिवसांपैकी एखादाच दिवस पूर्णपणे जमिनीवर घालवता येतो. या वाटेवर त्यासाठी दोन ठिकाणे मनात येतात: सेंट लुशियाच्याच पश्चिम किनाऱ्यावरचे सूफ्रिएर हे गाव आणि शेजारच्या सेंट व्हिन्सेंट या देशातले, त्याच्या मुख्य बेटाच्या दक्षिणेचे बेक्वे बेट. दोहोंमध्ये सुमारे 50 सागरी मैलांचे अंतर आहे, आणि सहा-सात नॉटच्या (म्हणजे ताशी तितक्या सागरी मैलांच्या) वेगाने ते कापताना दिवसाचा बहुतेक उजेड खर्ची पडतो. म्हणून निवड निघण्यापूर्वीच केलेली बरी.

माझ्या मते ही निवड प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून करू नये. आपण बेटावर हिंडत असताना बोट कशी राहील, हे आधी पाहावे. सूफ्रिएरच्या किनाऱ्यालगत समुद्राचा तळ झपाट्याने खोल जातो, शिवाय प्रवाळांच्या रक्षणासाठी तो परिसर सागरी संवर्धन क्षेत्र असल्याने नांगर टाकण्यावर निर्बंध आहेत आणि शुल्क भरून बोयाला, म्हणजे तळाशी जखडलेल्या तरंगत्या पिंपाला, बोट बांधावी लागते. डोंगरांमधून वाऱ्याचे जोरदार झोत उतरतात, लाटेने बोट रात्रभर डोलू शकते, आणि दिवसभर तिच्यावर कोणीच नसेल तर डोंगर चढतानाही मन खाली पाण्यावरच राहते. बेक्वेचा ॲडमिरल्टी बे मात्र पश्चिमेकडे उघडणारा रुंद उपसागर आहे. पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे बेटाच्या टेकड्या अडवतात, वाळूच्या तळात नांगर चांगला रुततो, आणि डिंगीने, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीने, काही मिनिटांत पोर्ट एलिझाबेथ या बेटावरच्या मुख्य गावाच्या धक्क्याला लागता येते. कोकणच्या खाड्यांमध्ये भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच होडी काढण्याची सवय असलेल्यांना येथे हायसे वाटेल, कारण या समुद्रात पाण्याची चढ-उतार फारच थोडी असते.

तरीही सूफ्रिएरचे पारडे हलके समजू नये. समुद्रातून थेट वर उठलेले ग्रो पितों आणि पेती पितों हे अनुक्रमे सुमारे 770 आणि 743 मीटर उंचीचे ज्वालामुखीय सुळके 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि बोटीवरून त्यांच्या पायथ्याशी पोहोचण्याचा अनुभव रस्त्याने येणाऱ्याला मिळत नाही. ग्रो पितोंची वाट फों जां लिब्र या वस्तीपासून स्थानिक वाटाड्याबरोबर चढायची असते. येण्या-जाण्यास साधारण चार तास लागतात, आणि वरच्या टप्प्यातील पायऱ्या इतक्या उंच आहेत की उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्याला ही चढाई झेपेल, मात्र तेथील दमट उष्म्यात पाणी नेहमीपेक्षा जास्त बरोबर घ्यावे. ज्यांना चढायचे नाही त्यांच्यासाठी गंधकाचे उष्ण झरे, चिखलस्नान आणि डायमंड धबधब्याची बाग आहे. ही तिन्ही ठिकाणे टॅक्सीने अर्ध्या दिवसात होतात. बेक्वेवर या तोडीचे काहीही नाही.

बेक्वेवर आहे ते चालत पाहण्याजोगे गाव. बेट जेमतेम 18 चौरस किलोमीटरचे आहे. पाण्याच्या अगदी कडेने जाणारी बेलमाँटची पायवाट धरली की प्रिन्सेस मार्गारेट किनारा गाठता येतो, तेथे दुपारपर्यंत पोहता येते, आणि परतताना लाकडी बोटींच्या प्रतिकृती कोरणाऱ्या कारागिरांच्या कार्यशाळेत निवांत थांबता येते. या बेटावर बोटी बांधण्याची आणि व्हेलच्या शिकारीची जुनी परंपरा आहे. व्हेलच्या शिकारीवर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने ठरवून दिलेल्या अल्प मर्यादेत ती शिकार आजही चालते. हे ज्यांना खुपेल त्यांनी आधीच जाणून असावे. जेवणात भाजलेला नीरफणस जरूर मागावा. कोकणात परसात दिसणारे हे फळ ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन ब्लाय यांनी 1793 मध्ये प्रशांत महासागरातील ताहिती बेटावरून सेंट व्हिन्सेंटला आणले, ते मळ्यांवरील गुलामांना स्वस्त अन्न मिळावे या हेतूने. आज तळलेल्या मासळीबरोबर ते त्या देशाचे राष्ट्रीय खाद्य मानले जाते. आमटीसारख्या रश्शातले सारण गुंडाळलेली रोटी दोन्ही ठिकाणी मिळते. ती 1859 नंतर सेंट लुशियात आणि 1861 नंतर सेंट व्हिन्सेंटमध्ये करारावर आणलेल्या भारतीय मजुरांची देणगी आहे, आणि म्हणून ती खाताना मला तरी नुसती चव पुरत नाही.

बरोबर वयस्कर आई-वडील किंवा लहान मुले असतील तर मी निःसंकोचपणे बेक्वे सुचवीन: कोणी दमले तर बोटीवर परत जाणे सोपे, आणि उरलेल्यांचा दिवस मोडत नाही. सगळेच धडधाकट असतील आणि बोटीवर थांबायला भाड्याचा कप्तान असेल, तर सूफ्रिएर घ्यावे. मात्र बोया आदल्या दुपारीच धरावा आणि सकाळी सातच्या सुमारास वाटेला लागावे, म्हणजे ऊन चढण्यापूर्वी माथा गाठता येतो. दोन्ही देशांत पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, त्यामुळे पैसे बदलण्याची दगदग नाही. बेक्वेला जाताना मात्र सेंट लुशियातून निघण्याची नोंद आणि पोर्ट एलिझाबेथला प्रवेशाची नोंद, अशी दोन्ही कामे करावी लागतात. त्यांसाठी सकाळचा एखादा तास राखून ठेवावा, आणि तोपर्यंत बाकीच्यांनी बोटीवरच थांबावे.