गाला डिनर, नाटकाचा प्रयोग की मॅरेथॉन? छोट्या ट्रस्टने काय निवडावं

थॅलेसेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या, मुलांसाठी काम करणारा तुमचा छोटा ट्रस्ट आहे, कमिटीत कोणीतरी "यंदा मोठ्या हॉटेलात गाला करूया" म्हणालंय आणि सगळ्यांनी माना डोलावल्यात, तर हे वाचा आणि मग अ‍ॅडव्हान्स भरा.

गालाचं गणित सरळ आहे, तिकिटांवर तो चालत नाही, टेबलांवर चालतो. म्हणजे एखादी कंपनी किंवा बिल्डर अख्खं टेबल घेतो, वर लिलाव, वर स्पॉन्सर. फ्रान्समधल्या कान शहरात १९९३ला हॉलिवूडच्या एलिझाबेथ टेलरने एड्स संशोधनासाठी अ‍ॅमफार या संस्थेचा गाला सुरू केला तो चालला कारण पैसेवाले पाहुणे तिथल्या फिल्म फेस्टिव्हलला आधीच आलेले असतात. मुंबईत कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनचे फॅशन शो होतात, त्यांच्यामागे डिझायनर, स्टार, जुन्या ओळखी असतात. आपल्याकडे काय आहे? हॉल, जेवण, साउंड, डेकोरेशन, दारू ठेवली तर एक्साइजचं परमिट, हा सगळा खर्च आधी, आणि देणगी नंतर, ती पण आली तर. स्पॉन्सरच्या पैशात खर्च निघत नसेल तर माझ्या मते गाला करूच नये.

नाटकाचा चॅरिटी शो आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. प्रयोग ठरलेल्या रकमेला विकत घ्यायचा, देणगी प्रवेशिका छापायच्या, कमिटीतल्या प्रत्येकाने गठ्ठा उचलायचा. आणि खरी कमाई स्मरणिकेत! मलपृष्ठ सराफाला, आतली पानं डॉक्टर, लॅब, केटरर, क्लासवाल्यांना, हे पैसे पडदा उघडायच्या आधी जमा होतात. डोकेदुखी म्हणजे थिएटरची तारीख. गडकरी किंवा बालगंधर्वला शनिवार-रविवार मिळवायचा तर बरेच महिने आधी मागे लागावं लागतं.

पण मी नाटकाच्या बाजूने आहे ते पैशापेक्षा प्रेक्षकांमुळे. आईवडील दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आजाराचे नुसते वाहक, असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर, म्हणजे गंभीर आजार असलेलं, असण्याची शक्यता २५ टक्के, आणि मेजरच्या मुलाला साधारण दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. हे लग्नाआधी एका रक्ततपासणीत कळतं. आता ही माहिती लग्नाची मुलं घरात असलेल्या काकूंना पोचवायची की हातात ग्लास घेऊन बिझनेस कार्ड वाटणाऱ्यांना? मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेशेजारी टेबल लावा, या तपासणीसाठी (तिला एचबीएटू म्हणतात) नावं तिथेच लिहून घ्या, रांग हलत नसल्यामुळे लोक निवांत ऐकतात. फक्त शाल-श्रीफळ आवरा हो, तिसरी घंटा होऊन अर्धा तास सत्कार चालले की लोक चिडतात आणि आजाराचं नाव पण लक्षात राहत नाही.

मॅरेथॉनचं थोडक्यात. मुंबई मॅरेथॉन २००४पासून जानेवारीत होते, संस्थांची नोंदणी युनायटेड वे मुंबई या संस्थेकडे करावी लागते. हॉल नको, जेवण नको, पण धावणाऱ्याला ओळखीपाळखीत देणगीची लिंक पाठवून पैसे मागायची लाज वाटत असेल तर काही जमत नाही. परदेशातले, आयटीतले तरुण कार्यकर्ते असतील तर जरूर करा. नसतील तर टीशर्ट तेवढे उरतात 😄

पावत्यांचं आधीच सीएशी बोला, गाला असो की नाटक. तिकिटाच्या बदल्यात जेवण किंवा प्रयोग मिळतो म्हणून पूर्ण रकमेची ८०जी, म्हणजे आयकर सवलतीची, पावती देऊन टाकू नका, आणि २००० रुपयांच्या वरची रोख देणगी ८०जीत धरत नाहीत, तिथे चेक किंवा यूपीआयच सांगा.

कमिटीत कोणीतरी ८ मेचा, जागतिक थॅलेसेमिया दिनाचा हट्ट धरेल. मेमध्ये निम्मं शहर गावी असतं, डिसेंबर किंवा जानेवारीची तारीख धरा, परीक्षा सुरू व्हायच्या आत.