मी कुठवर वाचलं होतं? (वेबकॉमिक्सचं, म्हणजे फोनवर वाचायच्या चित्रकथांचं अ‍ॅप, पावसाळ्यापासूनचा वापर)

तीन तारे देतोय. पुढच्या भागांवरची कुलपं, ती उघडायला विकत घ्यायची नाणी, जाहिराती यांवर सगळ्यांनी लिहून झालंय, ते पुन्हा उगाळत नाही. माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. वाचताना मध्येच फोन आला की हे अ‍ॅप आपली जागा विसरतं. परवा तासगावच्या गाडीत भाग ऐन रंगात आलेला, तेवढ्यात बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा फोन. भाव सांगून परत येतो तर मी पुन्हा भागाच्या तोंडाशी!

किरकोळ वाटेल. पण उभ्या सरकणाऱ्या गोष्टीला पानंच नसतात, मग कोपरा दुमडायचा कशाचा? कॉमिक्स काढणाऱ्या आणि कॉमिक्सवर पुस्तकं लिहिणाऱ्या स्कॉट मॅक्लाउडने २००० सालीच लिहिलंय की पडद्याला पान समजू नका, खिडकी समजा, म्हणजे चित्रकाराला हवा तेवढा लांब-रुंद कॅनव्हास मिळतो. बरोबर आहे हो. पण खिडकीतून बघणारा एसटीत उभा असतो, एका हाताने दांडी धरून. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सरसर सरकवत जागा शोधायला जावं तर पुढचंच दिसतं आणि रहस्याचं वाटोळं होतं. बुधगाव ते कवलापूर असंच जातं.

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, अडचणीचा स्क्रीनशॉट पाठवा. हरवलेल्या जागेचा स्क्रीनशॉट कसा काढतात?

एवढं होऊनही अ‍ॅप काढून का टाकलं नाही, तर एका विहिरीमुळे. 'सकाळ'मधला चिंटू १९९१ पासूनचा, तीन-चार चौकटींत काम तमाम. फोनवरही तेच असेल, फक्त बारीक, असं वाटायचं. पण इथल्या एका मालिकेत पोरगा विहिरीत पडतो आणि चौकटीखाली नुसतं काळं. सरकवतोय, सरकवतोय, काळंच. मध्येच एक चप्पल. पुन्हा काळं. पाणी लागेपर्यंत माझाच अंगठा दमला. पोरगा किती वेळ पडत राहणार, ते वाचणाऱ्याच्या बोटावर! कागदावर एवढी शाई कुठला संपादक वाया घालवू देईल?

हे अर्धं लिहून ठेवलं होतं तोवर नवी आवृत्ती आली. आता 'पुढे वाचा' म्हणून बटण आहे. ते भाग बरोबर उघडतं, भागातली जागा नाही. म्हणजे घर सापडलं, खोली आपली आपण शोधा. तरी अडीचचे तीन तारे केले ते यासाठीच.

खरं सुख मिळालं ते अ‍ॅपच्या बाहेर, आणि फुकट. भाच्याने "मामा, हे बघा" म्हणत एक्सकेसीडी नावाचं इंग्रजी वेबकॉमिक दाखवलं. काड्यांची माणसं, निम्मे विनोद आमच्या डोक्यावरून. पण त्यातलं २०१३ चं 'टाइम' बघाच. एकच चौकट, दोघं जण वाळूचा किल्ला करतायत. चित्र आधी अर्ध्या तासाने बदलायचं, नंतर तासाने. असं चार महिने चाललं, ३०९९ चित्रं झाली, पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कारही मिळाला. गोष्टीत समुद्राचं पाणी चढायला लागतं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलावरची पातळी तासातासाला विचारत बसलेल्या सांगलीकराला ते चढणं कळायला भाषा लागत नाही. आता सगळी चित्रं ओळीने बघता येतात, पण तेव्हा दर तासाला थोडं थोडं बघणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. छापील अंकात हे करणार कसं?

त्यानंतर अ‍ॅपवर आठवडाभर थांबून फुकटचा भाग वाचायला माझी हरकत राहिलेली नाही. आधी ही लूट वाटायची. नाणी मात्र अजून घेतलेली नाहीत. भाचा म्हणतो, "मामा, पन्नास रुपयांनी काय होतंय?" पन्नास रुपये टाकल्यावर तरी माझी जागा लक्षात राहील का, हे कस्टमर केअरला विचारलंय. उत्तर आलं की इथेच टाकतो.