पॅरालीगल व्हायचंय: डिप्लोमा आधी की वकिलाचं टेबल?

पॅरालीगल म्हणजे वकील नसताना कायद्याच्या कामात मदत करणारा माणूस. वकिलीची सनद न घेता असं कायद्याच्या कामात शिरायचं तर आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक, पॅरालीगलचा डिप्लोमा. दुसरी, एखाद्या वकिलाकडे कारकून म्हणून चिकटणं. मी दोन्ही केल्या आणि सात-आठ महिने तर एकदमच केल्या. सकाळी कोर्ट, रात्री डिप्लोम्याच्या पुस्तिका. त्यामुळे कुठली वाट कुठे तोकडी पडते, ते एकाच दिवसात दोनदा दिसायचं.

आधी डिप्लोम्याबद्दल चांगलं ते सांगतो, कारण पुढे मी त्याच्यावर थोडा अन्याय करणार आहे. इग्नूसारख्या ठिकाणी बारावीनंतर वर्षभरात तो होतो, नोकरी सांभाळून होतो. करार, कुटुंब कायदा, कामगार कायदा, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया या सगळ्यांची तोंडओळख होते. वकिलाच्या टेबलावर ही रुंदी मिळेलच असं नाही. आमच्या साहेबांकडे निम्मी कामं चेक न वटल्याची. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर फिर्यादीला एक महिना, हा हिशेब मी झोपेतही सांगेन. पण भागीदारीचा करार मी पहिल्यांदा पाहिला तो पुस्तिकेतच. कंपनीच्या लीगल विभागात किंवा मोठ्या शहरातल्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल, तर ही रुंदी आणि हातात एक प्रमाणपत्र, दोन्ही उपयोगी पडतात.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो. मी केलेला कोर्स एका खासगी संस्थेचा होता, तेव्हा ही तक्रार तेवढ्यापुरतीच धरा. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यानंतर काही महिन्यांनी मी अटकपूर्व जामिनावरचा स्वाध्याय लिहिला, पुस्तिकेप्रमाणे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४३८ घालून. २० पैकी १७ गुण आले. शेरा काही नाही, नुसता आकडा. मी खुशीत. त्याच आठवड्यात साहेबांनी तसाच अर्ज टाइप करायला सांगितला, गुन्हा ऑगस्टमधला. मी तोच मजकूर उतरवून दिला. त्यांनी ४३८ वर लाल रेघ मारली आणि विचारलं, "हे कुठल्या साली चालतं?"

त्या जुन्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अटकपूर्व जामीन कलम ४८२ मध्ये आहे. गंमत म्हणजे जुन्या संहितेत ४८२ म्हणजे हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करून घ्यायला वकील ज्याचा आधार घ्यायचे ते. ते आता ५२८ मध्ये गेलं. म्हणजे नुसता '४८२' हा आकडा कानावर पडला, तर गुन्हा कधीचा आणि अर्ज कधीचा हे विचारल्याशिवाय काही कळत नाही. आणि जुने खटले अजून चालू असल्यामुळे दोन्ही आकडे डोक्यात ठेवावेच लागतात. चुकीच्या कलमाला १७ गुण मिळाले, हे मला आजही खटकतं. छापील पुस्तिका मागे पडणं मी समजू शकतो, पण तपासणाऱ्याच्याही ते लक्षात येऊ नये?

कोर्टाचं ऑफिस असं गोड बोलत नाही. साहेबांसाठी मी दाखल करायला नेलेला पहिला दावा त्याच दिवशी परत आला. प्रतिवादी तीन आणि नकला दोनच. वकीलपत्रावर वेल्फेअरचं, म्हणजे वकिलांच्या कल्याण निधीचं, तिकीट नाही. अनुक्रमणिकेतले पान नंबर पुढे जुळत नाहीत. ऑब्जेक्शन लिहून हातात, वर "दुरुस्त करून आणा" एवढंच. अपमान वाटला, पण या तीन चुका पुन्हा झाल्या नाहीत. चूक झाली की तिथल्या तिथे कळते, टेबलाचं मला पटलेलं मुख्य कारण हेच.

भाषेचंही तसंच. पुस्तिकेत दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर ३९, रूल १ आणि २ असतं. कोर्टात कोणी तसं बोलत नाही, "नि. ५ चं (निशाणी ५ चं) काय झालं?" असं विचारतात, आणि समोरच्याला तात्पुरत्या मनाईच्या अर्जाबद्दल चाललंय हे कळतं. पुरसिस (कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन), रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद), भत्ता (समन्स बजावण्याचा वगैरे खर्च), दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), सहीशिक्क्याची नक्कल हे शब्द मी बाकावर बसून, ऐकून शिकलो. सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, टाकून पुढची तारीख मोबाइलवर कोणालाही दिसते. पण त्या तारखेला काय तयार ठेवायचं, ते रोजनामा वाचता आल्याशिवाय कळत नाही.

टेबलाचे तोटे लपवत नाही. सुरुवातीचा पगार सांगायला लाज वाटेल इतका. साहेब शिकवणारे नसतील तर वर्षभर झेरॉक्स आणि आपल्या खटल्याच्या पुकाऱ्याकडे कान, एवढंच हाती लागतं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाचं नेमकं तेच झालं, हुशार असूनही. त्यामुळे ही वाट सगळ्यांना सारखी फळेल असं म्हणवत नाही.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचं पॅरालीगल व्हॉलंटियर हे नाव ऐकून काही जण तिसरी वाट धरतात. ते स्वयंसेवेचं काम आहे, मानधन मिळतं, नोकरी नव्हे. प्रशिक्षण मात्र जरूर घ्यावं, लोकांशी बोलायला शिकतो माणूस.

मला आज पुन्हा निवडायचं झालं तर आधी सहा महिने टेबल, मग डिप्लोमा. कोर्टात हात बसल्यावर पुस्तिकेतली शिळी ओळ आपोआप डोळ्यांत खुपते. उलट क्रमाने गेलं तर ती खरी वाटते, मला वाटली होती. पण कोर्टाची पायरी चढायचीच नसेल आणि करार-मसुद्यांचंच काम हवं असेल, तर क्रम बदलायला माझी हरकत नाही. मात्र पैसे भरण्याआधी पुस्तिकेतलं जामिनाचं प्रकरण उघडून दाखवायला सांगा. आणि टेबल निवडताना पगार विचारण्याआधी एवढं विचारा, "साहेब, परत आलेलं फायलिंग मला दुरुस्त करायला द्याल ना?"