मुलांनी घरात हात लावावा म्हणून: पैसे, चांदण्यांचा तक्ता की हक्काचं काम?

सुट्ट्या लागल्या की इंदूरच्या आपल्या मराठी घरांत हा विषय निघतोच. मुलं दिवसभर घरात, कामं मात्र आईच्या आणि बाईंच्या वाट्याला. यावर तीन उपाय बहुतेकांना माहीत असतात: कामाचे पैसे द्यायचे, भिंतीवर तक्ता लावून चांदण्या चिकटवायच्या, किंवा एखादं काम पूर्णपणे मुलाच्या ताब्यात द्यायचं. माझा कल तिसऱ्याकडे आहे. पण पहिले दोनही टाकाऊ नाहीत. ते कुठे चालतात, ते बघून ठरवा.

पैशांनी काम लगेच होतं, हे खरंच आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हिशेबही कळायला लागतो. अडचण पुढे येते. ताटं उचलायचे पाच रुपये ठरले, की एखाद्या संध्याकाळी मूल शांतपणे म्हणतं, "आज मला पैसे नकोत." यावर काय बोलणार? सौदा आपणच ठरवलेला असतो. म्हणून रोजच्या कामाला, विशेषतः स्वतःचं ताट, स्वतःचं अंथरूण याला, पैसे देऊच नयेत. दिवाळीआधी माळा रिकामा करणं, गाडी धुणं अशा जादा कामाचे ठरवून द्यावेत. महिन्याचा खाऊचा पैसा या सगळ्यापासून वेगळाच ठेवावा; तो कामाला जोडला की दोन्हींची भांडणं एकत्र होतात.

अगदी लहानांना तर बक्षीस नकोच. वॉर्नेकन आणि टोमासेलो या संशोधकांनी २००८मध्ये २० महिन्यांच्या मुलांवर एक प्रयोग केला. मोठ्यांच्या हातून पडलेली वस्तू मुलं आपणहून उचलून देत होती. त्याबद्दल ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली, ती नंतर कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच मिळालं नाही किंवा नुसतं कौतुक झालं, ती करत राहिली. दोन वर्षांचं मूल झाडू ओढत मागे येतं तेव्हा त्याला मुळातच मदत करायची असते. "राहू दे, तू सांडशील" म्हणून आपण त्याला टीव्हीपुढे बसवतो आणि आठव्या वर्षी तेच काम करायला त्याच्यामागे लागतो.

चांदण्यांच्या तक्त्याबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. १९७३मध्ये अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांना चित्र काढण्यासाठी आधी सांगून प्रमाणपत्र दिलं गेलं. पुढे मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे इतरांच्या निम्माच वेळ वळली. पण चित्र काढणं त्यांना मुळात आवडत होतं. १९९९मध्ये अशा १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला, त्यात कंटाळवाण्या कामांबाबत हे नुकसान दिसलं नाही. म्हणजे मोजे जोडणं, चपला रांगेत लावणं यांना तक्ता खुशाल लावा, सवय लागेपर्यंत. पोळ्या लाटायला मूल आवडीने येत असेल, तर तिथे चांदणी चिकटवू नका. आणखी एक: तक्ता रोज भरायचं काम आईचंच होतं. ज्या घरात दोघंही नोकरी करतात तिथे तो पंधरवड्यात मागे पडतो.

आता हक्काचं काम. इथे कोणतं काम निवडता त्यावरच सगळं अवलंबून असतं. "तुझी खोली आवर" हे सगळ्यात वाईट: ते कधी पूर्ण होतं ते कळत नाही, आणि आवरली नाही तर कोणाचं अडत नाही, आईची चिडचिड सोडून. उलट, ज्या कामाची वेळ घराबाहेरून ठरते ते उत्तम. सकाळी गाणं वाजवत येणारी महापालिकेची कचरा गाडी घ्या. इंदूर २०१७पासून सलग सात वेळा स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्यात घरोघरी कचरा वेगळा होण्याचा मोठा वाटा आहे. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा, घरगुती घातक, असे सहा प्रकार. आठ वर्षांच्या मुलाला हे छान जमतं. आपल्या घरातला ओला कचरा देवगुराडियाच्या प्रकल्पात जाऊन त्याचा बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांना चालणारा वायू होतो, हे त्याला सांगा. गाडी चुकली तर डबा दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच राहतो, आपल्याला ओरडावं लागत नाही. ज्या वस्तीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तिथे टाकी भरली का ते बघून मोटर बंद करणं हे मोठ्या मुलाचं काम होऊ शकतं. रविवारी पोहे भिजवणं, वर शेव-जिरावन घालून सगळ्यांना देणं हेही.

यात पथ्य एकच, पण कठीण. सुरुवातीचे काही दिवस सोबत उभं राहून करा, आणि नंतर मुलाने केलेलं काम पुन्हा करू नका. पोछ्याचे ओघळ राहिले, तरी त्याच्या देखत परत पुसू नका. आपलं काम पुसून टाकलं जातंय हे मुलांना फार लवकर कळतं, आणि मग ती मन लावत नाहीत.

आणखी एका गोष्टीबद्दल मला मनापासून वाटतं. पाहुणे आले की पाण्याचे ग्लास मुलीनेच आणायचे आणि मुलगा क्रिकेटला, हे अजून आपल्याकडे चालतं. २०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षं आणि त्यावरच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के दिवसभरात घरकाम करताना आढळल्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. घरात मुलगा आणि मुलगी दोघं असतील तर कामं कायमची वाटून देऊ नका. दर महिन्याला अदलाबदल करा, आणि वडिलांचं नावही त्याच यादीत घाला.