शेअर घ्यायचा की कर्ज द्यायचं? परदेशातला कायदा कसा बघावा

परदेशी कंपनीत पैसे घालताना ताळेबंद सगळेच बघतात. तिथला कायदा कुठल्या घराण्यातला, हे बघायची सवय मात्र बरीचशी १९९८ च्या एका अभ्यासामुळे लागली. ला पोर्टा या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ४९ देशांचे कायदे ताडून पाहिले. इंग्लंडकडून आलेल्या कॉमन लॉमध्ये (कोर्टाच्या आधीच्या निकालांवर उभा कायदा) गुंतवणूकदार सगळ्यांत सुरक्षित, फ्रेंच सिव्हिल लॉमध्ये (लिखित संहितेवर उभा कायदा) सगळ्यांत उघडा, जर्मन आणि स्कँडिनेव्हियन अधेमधे, असं त्यांना दिसलं.

थोडेसेच शेअर घेणार असाल, तर हा फरक चांगलाच जाणवतो. फ्रान्समधला एक खटला बघा. कंपनी एका कुटुंबाच्या ताब्यात. कुटुंबाने आपली दुसरी कंपनी काढली, तिच्या नावावर जमीन घेऊन गोदाम बांधलं आणि ते पहिल्या कंपनीलाच भाड्याने दिलं. बाहेरचा छोटा भागधारक कोर्टात गेला आणि हरला. गोदामामुळे धंदा वाढला ना, मग कंपनीच्या हिताला बाधा कुठे आली, असा कोर्टाचा सूर. भाडं वाजवी होतं का, याच्या खोलात कोर्ट शिरलंच नाही. अमेरिकेत डेलावेअरच्या (बऱ्याच मोठ्या कंपन्या जिथे नोंदलेल्या असतात, त्या राज्याच्या) कोर्टापुढे असा व्यवहार आला, तर तो रास्त असल्याचं दाखवण्याचं ओझं सहसा कंपनी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यावरच पडतं.

तारण घेऊन कर्ज देणाऱ्याचं गणित निराळं. त्याला जर्मन परंपरेतले देश चांगले सांभाळतात. उलट अमेरिका कॉमन लॉवाली असूनही कर्जदार कंपनी चॅप्टर ११ मध्ये (तिथल्या दिवाळखोरी कायद्यातली कंपनी सावरण्याची तरतूद) गेली, की वसुली जागच्या जागी थांबते आणि जुनेच संचालक बहुधा खुर्चीत राहतात.

घराण्यावर फार विसंबूही नये. राजन आणि झिंगालेस या अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं, की १९१३ साली देशाच्या उत्पन्नाच्या मानाने फ्रान्सचा शेअर बाजार अमेरिकेपेक्षा मोठा होता. फ्रेंच सिव्हिल लॉचा पाया असलेली नेपोलियनची संहिता १८०४ ची, म्हणजे तेव्हाही तीच लागू होती!

ब्राझीलचा कायदाही फ्रेंच वळणाचाच. पण तिथल्या शेअर बाजाराने २००० मध्ये ‘नोव्हो मर्काडो’ हा वेगळा विभाग काढला. त्यात यायचं तर एका शेअरला एक मत आणि वाद लवादापुढे, हे कंपनीला लिहून द्यावं लागतं. त्यामुळे ब्राझीलचा शेअर घेताना मी आधी तो कुठल्या विभागात नोंदलाय ते बघेन. इतर विभागांत मताचा हक्क नसलेले प्रेफरन्स शेअर अजूनही मिळतात.